सामुदायिक रेझिलियन्सवरच्या (संकटातून सावरण्याच्या समाजाच्या क्षमतेवरच्या) प्रबंधात निर्देशांकासाठी किती निर्देशक घ्यावेत आणि त्यांना भार कसे द्यावेत?

आकडाच हवा असेल तर १२ ते १५ निर्देशक (साक्षरता, उत्पन्न अशी मोजता येणारी मापं) घ्या आणि सगळ्यांना समान भार देऊन त्यांचा एकच आकडा, म्हणजे निर्देशांक, काढा. पण पूर येऊन गेलेल्या शहरातल्या ३० वॉर्डांची क्रमवारी लावायची, त्यासाठी ४० निर्देशक जमवलेत आणि मार्गदर्शक एएचपी (तज्ज्ञाकडून निर्देशकांची जोडीजोडीने तुलना करून भार ठरवण्याची पद्धत) वापरायला सांगतात, हे तुमच्या प्रश्नात वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितो. नगररचनेच्या पदव्युत्तर प्रबंधांमध्ये हा एकच साचा वर्षानुवर्षं गिरवला जातोय. चांगली डोकी त्यात खर्ची पडतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी एएचपी. ४० निर्देशकांच्या जोड्या होतात ७८०. कुठलाही तज्ज्ञ ७८० तुलना मन लावून करत नाही. साठाव्या जोडीनंतर तो हाताला येईल तो आकडा भरतो. पाच गटांत आठ-आठ निर्देशक टाकले तरी १५० तुलना उरतात. त्यातून सुसंगती गुणोत्तर ०.१० च्या खाली आलं, तर तज्ज्ञ स्वतःच्याच उत्तरांशी सुसंगत राहिला एवढंच सिद्ध होतं. त्याचं म्हणणं पुराच्या बाबतीत खरं आहे का, हे त्या गुणोत्तराला कळत नाही. परीक्षकही प्रबंधात ०.०८ दिसलं की समाधानाने पान उलटतात, हे मला अजिबात पटत नाही.

प्रिन्सिपल कॉम्पोनन्ट ॲनालिसिसकडे (अनेक निर्देशकांमधून थोडे एकत्रित घटक काढणाऱ्या सांख्यिकी पद्धतीकडे) वळाल तर अडचण वेगळी. ज्याची नक्कल सगळे करतात तो सामाजिक असुरक्षिततेचा निर्देशांक सुझन कटर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडला. त्यात ४२ चल (म्हणजे निर्देशक) होते, त्यांचे ११ घटक झाले, आणि ओळी होत्या अमेरिकेतल्या तीन हजारांहून अधिक काउंटी (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग). तुमच्याकडे ओळी ३० आणि रकाने ४०. गणितानेच २९ पेक्षा जास्त घटक निघू शकत नाहीत, आणि जे निघतात ते इतके डळमळीत असतात की एक वॉर्ड वगळून पुन्हा चालवलं तर क्रम बदलतो. करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. शिवाय तो निर्देशांक असुरक्षितता मोजतो. त्याची चिन्हं उलटी केली की रेझिलियन्स मिळतो, असं कुठेही सिद्ध झालेलं नाही.

समान भार म्हटलं तरी ते समान राहतीलच असं नाही. साक्षरता, पक्कं घर, बँक खातं आणि उत्पन्न हे चारही घेतलेत, तर सुबत्ता चार वेळा मोजली गेली आणि तिचा भार आपोआप चौपट झाला. सहसंबंध ०.७ च्या वर गेला की दोघांतला एकच ठेवा. मिन-मॅक्समध्येही (सगळ्यात कमी मूल्याला ० आणि सगळ्यात जास्त मूल्याला १ धरून बाकीची त्यांच्यात बसवणं) असाच घोळ होतो. २९ वॉर्डांची घनता १०० ते ३०० मध्ये आहे आणि एकाची १,५०० आहे, तर ते २९ वॉर्ड ० ते ०.१४ मध्ये चेपले जातात. घनतेतला त्यांच्यातला फरक निर्देशांकातून जवळजवळ पुसला जातो. अशा चलासाठी लॉग (लॉगॅरिदम) किंवा पर्सेंटाइल (क्रमातलं स्थान) वापरा. आणि नुसती बेरीज केलीत तर साक्षरतेचे गुण नाल्याची उणीव भरून काढतात. प्रत्यक्षात नाला तुंबलाच असतो.

हे सगळं दुरुस्त करता येतं. माझा मुख्य आक्षेप मात्र असा आहे की हा निर्देशांक घडलेल्या गोष्टीशी कोणी ताडून बघत नाही.

जुलै १९९५ ची शिकागोतली उष्णतेची लाट घ्या. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या लागून असलेल्या वस्त्या. एकटे राहणारे वृद्ध आणि गरीब वृद्ध यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं. तरी मृत्युदर नॉर्थमध्ये लाखामागे ४० आणि साउथमध्ये ४. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी ही जोडी अभ्यासली. साउथमध्ये रस्ते गजबजलेले, दुकानं उघडी, म्हातारी माणसं घराबाहेर पडत होती आणि थंड दुकानांत जाऊन बसू शकत होती. नॉर्थमध्ये ओसाड भूखंड, बंद दुकानं आणि बाहेर पडायची भीती. एकटे आणि गरीब वृद्ध मोजणाऱ्या निर्देशांकाने या दोन वस्त्यांना जवळजवळ सारखेच गुण दिले असते. दहापट फरक त्याला दिसलाच नसता.

म्हणून वॉर्डांची क्रमवारी सोडा आणि वस्त्यांची एक जोडी निवडा. पाण्याची खोली दोन्हीकडे सारखी हवी, ही पहिली अट. ती पाळली नाहीत तर तुम्ही समाजाची ताकद मोजत नाही, जमिनीची उंची मोजताय. भिंतीवरची पाण्याची खूण टेपने मोजा, एकदा रस्त्यापासून आणि एकदा घरातल्या फरशीपासून. दोन्ही आकडे वेगळे लिहा, कारण जोत्याची उंची हीसुद्धा एक तयारीच असते. मग परिणाम मोजा: किती दिवसांनी घरी राहायला परतले, कमाई किती दिवसांनी सुरू झाली, मुलांची शाळा किती बुडाली. तीन पुरे. महिने उलटले की लोकांना तारखा आठवत नाहीत, म्हणून वीज कधी आली, शाळा कधी भरली, मोठा सण कधी होता अशा खुणांची पट्टी आधी तयार ठेवा आणि उत्तर तिच्यावर बसवा.

सगळ्यात जास्त प्रबंध नमुन्यात बुडतात. पुरानंतर वस्तीत जाऊन दारं ठोठावली की भेटतात ते परत आलेले लोक. जे उठून गेले, भाडेकरू होते म्हणून घरमालकाने परत घेतलं नाही किंवा गावी निघून गेले, ते यादीतच येत नाहीत. मग ९० टक्के कुटुंबं सावरली असा निष्कर्ष निघतो आणि तो छापला जातो. त्यामुळे यादी पुराआधीची हवी. मतदार यादीत स्थलांतरित सुटतात, मालमत्ता कराच्या नोंदीत भाडेकरू सुटतात. दोन्ही याद्या पुराआधीच्या उपग्रह छायाचित्रातल्या इमारतींशी जुळवा आणि इमारतींमधून नमुना काढा. बंद दार लागलं तर ते घर बदलू नका. शेजाऱ्याला विचारून कोण होते, कधी गेले, कुठे गेले हे लिहा आणि फोन नंबर मिळाला तर फोनवर मुलाखत घ्या. नाहीच सापडले तर 'परतले नाहीत' ही नोंदसुद्धा एक निष्कर्ष आहे.

संख्येचं म्हणाल तर नमुन्यात ३८४ घरं हा आकडा सगळे घोकतात, पण तो साध्या यादृच्छिक नमुन्याचा आहे. तुम्ही गल्ल्या निवडून प्रत्येक गल्लीत २० घरं घेणार असाल आणि गल्लीतल्या घरांमधला सहसंबंध ०.०५ धरला, तर डिझाइन इफेक्ट (नमुना किती पटीने वाढवावा लागेल तो गुणक) १ + १९ × ०.०५ = १.९५ येतो, म्हणजे ७४९ घरं. त्यातली २० टक्के भेटणार नाहीत असं धरलं तर ९३६. एकट्या विद्यार्थ्याला हे झेपत नाही. गल्लीमागे ८ घरं घेऊन गल्ल्या वाढवल्या तर तोच गुणक १.३५ वर येतो.

प्रश्नावलीतून 'शेजाऱ्यांवर विश्वास आहे का?' हा प्रश्न काढून टाका, सगळे हो म्हणतात. पाणी चढताना पहिला फोन कोणाला केला, तो माणूस किती अंतरावर राहतो, पहिले उसने पैसे कोणी दिले, पंचनाम्यासाठी कोणाच्या ओळखीने कर्मचारी आला, हे विचारा. नातलग, बाहेरची ओळख आणि सत्तेपर्यंतची पोच हे तीन धागे यातून वेगळे दिसतात. तिसरा धागा बहुतेक प्रबंधांमध्ये गाळलेला असतो, आणि मदत लवकर मिळाली की उशिरा हे बऱ्याचदा त्याच्यावरच ठरतं.

नकाशे जपून छापा. न्यू ऑर्लिन्समध्ये कतरिना वादळानंतर, जानेवारी २००६ मध्ये, पुनर्बांधणीच्या प्रस्तावाचा नकाशा वर्तमानपत्रात आला. काही वस्त्यांवर हिरवी वर्तुळं होती, म्हणजे तिथे पुढे उद्यानं होऊ शकतील. विस्थापित रहिवाशांना आपलं घर त्या वर्तुळाखाली दिसलं. त्यातल्या ब्रॉडमूर या वस्तीच्या लोकांनी संघटित होऊन वस्ती परत उभी केली, पण ती ताकद प्रत्येक वस्तीकडे नसते. 'सर्वात कमी रेझिलियंट' असा लाल रंग दिलेली झोपडवस्ती उद्या हटवण्याच्या फाइलला जोडली जाऊ शकते. घरांचे जीपीएस बिंदू छापू नका, माहिती नकाशावरच्या चौकटींमध्ये एकत्र करा आणि दहापेक्षा कमी घरं असलेली चौकट रिकामी सोडा.

आता दोन गोष्टी निर्देशांकाच्या बाजूनेही सांगायला हव्यात. शेकडो तालुक्यांमध्ये निधी वाटायचा असेल तर त्याला पर्याय नाही. आणि दोन वस्त्यांच्या तुलनेवरून सगळ्या शहराबद्दल बोलता येत नाही, हा परीक्षकांचा मुद्दा योग्य आहे. मात्र तेवढ्यावरून तुलनेला 'निव्वळ वर्णनात्मक' ठरवून गुण कापणं चूक आहे, हे मी पूर्वीही भांडून सांगितलंय.

मार्गदर्शक ऐकत नसतील तर निर्देशांकाचं एक प्रकरण ठेवा. भार १,००० वेळा यादृच्छिक बदलून प्रत्येक वॉर्डाचा क्रम ५ ते ९५ पर्सेंटाइलमध्ये कुठून कुठे हलतो तो तक्ता द्या. मग वॉर्डनिहाय शाळा पुन्हा भरायला लागलेले दिवस किंवा वीज यायला लागलेले दिवस मिळवा आणि निर्देशांकाशी स्पिअरमन सहसंबंध (दोन क्रमवारी किती जुळतात त्याचं माप) काढा. जास्त रेझिलियन्स म्हणजे कमी दिवस, म्हणून तो उणे यायला हवा; ३० वॉर्डांसाठी तो, उणे चिन्ह सोडून, साधारण ०.३६ च्या वर गेला तरच ५ टक्के पातळीवर अर्थपूर्ण धरता येतो. खाली राहिला तर आकडा तसाच छापा आणि वस्त्यांची जोडी त्याच्या लगेच पुढच्या प्रकरणात ठेवा.