रेडिएटरला खडीपासून वाचवायचं तर आधी बंपरचं खालचं तोंड बघा

प्रश्न थोडक्यात असा: दर आठवड्याला पनवेल ते महाड ये-जा, पेट्रोल हॅचबॅक, वर्षभरात दोनदा एसीचा कंडेन्सर (एसीचा गॅस थंड करणारा पुढचा भाग) फुटला. आता रेडिएटरही जाईल अशी धास्ती आहे आणि गॅरेजवाला म्हणतो, पुढून मच्छरदाणीची जाळी ठोकून टाका. लावावी का? गाडी तापेल का?

जाळी लावा, पण मच्छरदाणीची नको. आणि लावण्याआधी एक गोष्ट तपासा: कंडेन्सर खरंच दगडाने फुटला होता का?

जुना कंडेन्सर गॅरेजमध्ये पडलेला असेल तर तो मागून घ्या. दगडाचा मार असेल तर छिद्राभोवती खड्डा पडलेला दिसतो, आजूबाजूच्या फिन (नळ्यांमधल्या पातळ पत्र्याच्या घड्या) दाबल्या गेलेल्या असतात आणि मधे धातू चकाकतो. छिद्र तळाच्या नळ्यांत असेल, खड्डा नसेल आणि भोवती पांढरी भुकटी असेल, तर ते गंजणं आहे. तळाशी चिखल साचून राहतो, कोकणात त्यात खारी हवा भरीला. अशा गाडीला कितीही चांगली जाळी लावली तरी तिसरा कंडेन्सर जाणारच. तिथे तळ धुवत राहणं हाच उपाय. तेलकट, धूळ चिकटलेला डाग पाइपच्या जोडावर असेल तर दोष जोडातल्या रबराच्या ओ-रिंगचा, दगडाचा नाही. वर्षात दोनदा म्हणताय म्हणून हे सांगतोय. पहिल्यांदा बदलताना बाजारातला हलका माल बसवला होता का, तेही विचारून घ्या.

दगडच असेल तर पुढे.

बहुतेक गाड्यांत पुढून मागे क्रम असा: बंपरची ग्रिल, मग एसीचा कंडेन्सर, त्यामागे रेडिएटर, मग पंखा. म्हणजे पहिला मार कंडेन्सर खातो. त्याच्या चपट्या अॅल्युमिनियमच्या नळ्यांची भिंत अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ, आणि उन्हाळ्यात एसी चालू असताना आत १५ बारच्या आसपास दाब. रेडिएटरच्या झाकणावर साधारण १.१ बार लिहिलेलं असतं, त्यावरून फरक लक्षात येईल. कंडेन्सरला लहानसा टोचा पुरतो. रेडिएटर त्याच्या आडोशाला असतो, पण कंडेन्सर रेडिएटरपेक्षा लहान असेल तर कडेची किंवा खालची पट्टी उघडी राहते.

गाडीपुढे उकिडवे बसा आणि टॉर्च मारा. वरच्या ग्रिलमधून फारसं काही दिसणार नाही, तिथे लोगो, पट्ट्या आणि बंपरचा बीम आड येतो. खालच्या तोंडातून मात्र कंडेन्सरच्या फिन सरळ दिसतील. कित्येक गाड्यांत तिथल्या आडव्या पट्ट्यांमधलं अंतर इतकं असतं की २० मिमीची खडी न अडखळता आत जाते. संरक्षण तिथेच हवंय. वरच्या ग्रिलला जाळी लावून हवा अडवण्यात काही फायदा नाही.

आता जाळी कोणती. स्टेनलेसची, ३०४ ग्रेडची विणलेली चौकोनी जाळी, भोक ५ ते ६ मिमी, तार २० गेज म्हणजे सुमारे ०.९ मिमी. वाळू-खडी चाळायच्या जाळ्या विकणाऱ्या दुकानात मिळते. हवेला किती वाट मोकळी राहते याचा हिशोब सोपा आहे: भोक भागिले (भोक अधिक तार), आणि त्याचा वर्ग. ६ मिमी भोक, ०.९ मिमी तार, म्हणजे सुमारे ७५ टक्के मोकळं. हाच हिशोब मच्छरदाणीच्या जाळीला लावला तर ६४ टक्के येतात आणि माणूस म्हणतो, फारसा फरक कुठे आहे? फरक दोन ठिकाणी आहे. एक, तिची तार जेमतेम पाव मिलिमीटरची. खडी ती फाडून आत जाते. दोन, जेमतेम एक मिलिमीटरची भोकं किड्यांनी, धुळीने आणि पावसात चिखलाच्या पाण्याने बुजतात. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून चाललात तर पाचटाचा भुगा दोन दिवसांत तिचा पडदा करून टाकतो. नवी असताना ६४ टक्के, महिन्याने किती ते देव जाणे.

मग ६ मिमीच्या भोकातून बारीक कच जाईल त्याचं काय? जाऊ द्या. दगडाचं वजन व्यासाच्या घनाने वाढतं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाचा २० मिमीचा खडा सुमारे १२ ग्रॅमचा, १० मिमीचा दीड ग्रॅमचा, आणि ४ मिमीचा कच ग्रॅमच्या दहाव्या भागाएवढा. कचाने फार तर फिन वाकते. फिन वाकली म्हणून गॅस जात नाही.

अॅल्युमिनियमची षट्कोनी शोभेची जाळी अॅक्सेसरीच्या दुकानात मिळते. दिसायला बरी, पण ती बोटाने वाकते. जी जाळी बोटाने वाकते ती ८० च्या वेगाने आलेल्या खडीला काय अडवणार?

दगड बसला की जाळी मागे लवते आणि पुन्हा पुढे येते. म्हणून जाळी आणि कंडेन्सर यांच्यात किमान २५ मिमी मोकळी जागा ठेवा, ४० मिळाली तर उत्तम. कंडेन्सरला टेकवून बांधलेली जाळी ही नसलेल्या जाळीपेक्षा वाईट. दगडाचा सगळा धक्का तारेच्या गाठीतून थेट नळीवर जातो आणि रोजच्या थरथरण्याने तार फिन घासत राहते. शिवाय स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम ओल्या खारट हवेत एकमेकांना टेकले की अॅल्युमिनियम आधी खाल्लं जातं. त्यामुळे जाळी बंपरच्या ग्रिलला मागून बांधायची, कंडेन्सरच्या चौकटीला नाही.

बांधायची रीत. बंपर उतरवून केलं तर काम नीट होतं: चाकांच्या कमानीतले स्क्रू, वरचे आणि खालचे क्लिप, फॉगलाइटचे कनेक्टर. जुने क्लिप काढताना तुटतात, आठ-दहा नवे आधीच आणून ठेवा. ग्रिलच्या मागच्या बाजूला पुठ्ठा धरून आकार काढा, जाळी चारही बाजूंनी १५ ते २० मिमी जास्त ठेवून पत्रा कापायच्या कात्रीने कापा, आणि ती जास्तीची कड आत दुमडा. हातमोजे घाला, कापलेल्या तारेची टोकं सुईसारखी असतात. ग्रिल सपाट नसते, बहुतेक वेळा मधे फुगीर असते. जाळी जबरदस्तीने ताणू नका, कोपऱ्यांत चिरा देऊन तिला वळण द्या. मग उन्हाला टिकणारे काळे केबल टाय, ४.८ मिमी रुंदीचे, दर ६ ते ७ सेंटीमीटरवर ग्रिलच्या पट्टीभोवती घ्या. टायची गाठ मागे, शेपूट मुळाशी कापलेली. स्क्रू वापरायचाच असेल तर १० मिमीपेक्षा लांब नको, आणि मागे काय आहे ते बघितल्याशिवाय ड्रिल तर नकोच. जाळी बसवताना ड्रिलने कंडेन्सर फोडल्याचं ऐकून हसू येतं, पण असं होतं.

रंग द्यायचा तर आधी थिनरने तेलकटपणा काढा आणि स्टेनलेसवर धरेल असा एच प्रायमर (धातूला पकड घेणारा अस्तराचा रंग) मारा. नुसता स्प्रे महिनाभरात सोलून निघतो.

एक ठिकाण कटाक्षाने सोडा. एडॅस (चालकाला मदत करणारी, स्वतःहून ब्रेक लावणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांत पुढचा रडार कित्येकदा खालच्या तोंडातच, काळ्या गुळगुळीत झाकणामागे असतो. त्याच्यापुढे धातूची जाळी आली की तो आंधळा होतो आणि ब्रेकची स्वयंचलित मदत बंद पडते किंवा भलत्याच वेळी जागी होते. तुमच्या गाडीत रडार नसेल, पण हे वाचून दुसरं कोणी लावायला जाईल म्हणून लिहिलं. ग्रिलमागे उघडझाप करणाऱ्या झडपा असतील तर त्यांची हालचाल अडत नाही ना, तेही पाहा.

तापण्याची भीती मोजून घालवा. ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (गाडीच्या सॉकेटमध्ये बसून इंजिनची माहिती मोबाइलवर दाखवणारा) लावा आणि जाळी बसवण्याआधी महाडच्या पुढे, पोलादपूरनंतरच्या कशेडीच्या जुन्या घाटातून एसी चालू ठेवून, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढताना कूलंटचं तापमान टिपून ठेवा. बोगद्यातून गेलात तर ही चाचणी होणार नाही. जाळी बसवल्यावर तोच घाट, साधारण तसंच ऊन, तेवढीच माणसं. दोन-तीन अंशांचा फरक चालतो. पाचाच्या वर गेला तर भोक मोठं घ्या किंवा जाळी फक्त खालच्या दोन तृतीयांश भागाला ठेवा. सपाट रस्त्यावर ९० ने जाताना हवा भरपूर असते, तिथली चाचणी काही सांगत नाही. कस लागतो तो हळू चढताना.

बंपर उतरलाच आहे तर रेडिएटरच्या दोन्ही कडांचे प्लॅस्टिकचे किंवा फोमचे पडदे आणि इंजिनखालचं कव्हर जागेवर आहे का बघा. ठोकर लागल्यावर स्वस्तातला बंपर बसवतात तेव्हा हे पडदे हमखास गायब होतात. मग हवा रेडिएटरमधून न जाता कडेने निसटते, गाडी तापते, आणि दोष जाळीवर येतो.

कोणी पुढे लोखंडी बुलगार्ड लावायला सांगेल. त्याच्या नळ्यांमधल्या फटीतून खडी आरामात जाते, शिवाय डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा हवाला देऊन अशा गार्डांवर कारवाई करायला राज्यांना कळवलं आहे. तो विषय सोडा.

धुण्याबद्दल: महिन्यातून एकदा, उसाच्या हंगामात आठवड्याला, बागेच्या साध्या पाइपने. वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा फवारा ग्रिलमधून आत मारू देऊ नका, तो फिन झोपवतो. जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी चिकटलेली नाही ना, हे प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी वाकून बघा. जाळी नसतानाही पिशवी कंडेन्सरवर चिकटतेच, फक्त तेव्हा दिसत नाही.

जाळीइतकाच फरक अंतराने पडतो. खडीच्या डंपरमागे ८० ने जाताना तीन सेकंदांचं अंतर म्हणजे ६७ मीटर. डायव्हर्जनवर, नव्याने खडी टाकलेल्या पट्ट्यात वेग ५० वर आणलात तर रस्त्यावरून उसळलेल्या दगडाचा मार ८० च्या तुलनेत ४० टक्क्यांवर येतो, कारण तो वेगाच्या वर्गाने बदलतो. पावसाळ्यानंतर खड्ड्यांत नुसती खडी-मुरूम लोटलेला असतो, तेव्हा हे जास्त सांभाळा.

इतकं करूनही रेडिएटरला छिद्र पडलंच, तर फक्त काट्यावर विसंबू नका. पाणी संपून सेन्सर कोरडा पडला की काटा चक्क खाली येतो आणि चालकाला वाटतं, गाडी थंड झाली. हीटरमधून अचानक गार हवा येणं, गोडसर वास, बॉनेटखालून वाफ, यांपैकी काहीही दिसलं की बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. पाऊण तास झाकणाला हात नाही. रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जुना उपाय कोणीतरी सुचवेलच. हळद छिद्र बुजवते, तशीच हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते. गावापर्यंत पोहोचायचं असेल आणि दुसरा मार्गच नसेल तर ठीक, पण मग सगळी सिस्टीम फ्लश करावी लागणार हे धरून चाला.

विम्यात सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर दगडाने फुटलेला कंडेन्सर बसतो. बंपर उतरवण्याआधी छिद्राचे फोटो काढा आणि कंपनीला कळवा. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १००० रुपये तुमचे, शिवाय नो क्लेम बोनस जातो, तो हिशोब आधी मांडा. गळती लागूनही गाडी दामटली आणि तापून इंजिनचा हेड (सिलिंडरवरचा भाग) वाकला, तर तो खर्च सहसा नाकारला जातो.

नवा कंडेन्सर बसवताना ड्रायरही (गॅसमधला ओलावा शोषणारा भाग) नवा घालायला सांगा, व्हॅक्यूम किमान अर्धा तास, आणि गॅस बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच, वजनकाट्यावर मोजून. जाळी त्याच दिवशी बसवून घ्या, बंपर परत उतरवायची मजुरी वाचेल.