फक्त फोर्टिफाइड वाइन चाखायला इतक्या लांब जाण्यात अर्थ आहे का?

तुम्ही विचारलंय की पोर्ट, शेरी, मदेरा या वाइन आवडतात, तर नुसत्या टेस्टिंगसाठी पुण्याहून युरोप गाठावं, की चार बाटल्या मागवून घरीच बसावं.

मी तीनदा गेले आहे, पोर्तुगालला दोनदा आणि स्पेनला एकदा. जाण्यात अर्थ आहे, पण तिन्ही वाइनसाठी सारखा नाही. कुठे जावं आणि कुठे बाटलीवर भागतं, हे त्या वाइनच्या स्वभावावर ठरतं. म्हणून आधी तेवढं सांगते.

फोर्टिफाइड म्हणजे वाइनमध्ये द्राक्षापासूनच काढलेलं कडक मद्य घालणं. पोर्टमध्ये रस अर्धामुर्धा आंबलेला असतानाच ते घालतात. साधारण ४३५ लिटर रसाला ७७ टक्क्यांचं ११५ लिटर मद्य, मिळून ५५० लिटरचं एक पिंप. यीस्ट तिथेच मरतं, साखर शिल्लक राहते, आणि वाइन गोड होते, १९ ते २२ टक्क्यांची. शेरीचं उलट आहे. रस पुरता आंबवतात, साखर संपते, मग मद्य घालतात. त्यामुळे फिनो नावाची शेरी तोंडात अगदी ड्राय, म्हणजे बिनगोड लागते. गोव्याला जाऊन आलेल्या आपल्याकडच्या बऱ्याच जणांना ‘पोर्ट’ म्हटलं की तिथली स्वस्त गोड लाल वाइन आठवते. मलाही कॉलेजच्या सहलीत तीच पहिली भेटली. खरी पोर्ट फक्त पोर्तुगालमधल्या दोरू नदीच्या खोऱ्यातली. त्या खोऱ्याची हद्द १७५६ मध्येच आखून दिलेली आहे.

पोर्टसाठी मी पोर्तु शहरासमोरच्या विला नोव्हा द गाया इथे गेले. नदीकाठी एकाला लागून एक जुनी गोदामं आहेत, प्रत्येकात टेस्टिंग. पहिल्याच दिवशी मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाच ठिकाणं केली, आणि ग्लासात आलेलं सगळं प्यायले. चौथ्या ठिकाणी वीस वर्षांची टॉनी, म्हणजे लाकडी पिंपात पिकवलेली पोर्ट, कशी होती ते मला आजही सांगता येत नाही. वीस टक्क्यांची वाइन जीभ लवकर बधिर करते. तेव्हापासून मी दिवसाला दोनच ठिकाणं ठेवते, पोटात काहीतरी असल्याशिवाय जात नाही आणि थुंकते. आपल्याला लोकांसमोर थुंकायची लाज वाटते. तिथे कोणी वळूनही बघत नाही, त्यासाठी टेबलावर भांडंच ठेवलेलं असतं.

पण पोर्टपुरतं खरं सांगायचं तर टेस्टिंगसाठी तिथे जाण्याची गरज कमी आहे. व्हिंटेज पोर्ट काढणीनंतर दोन-तीन वर्षांत बाटलीत भरतात आणि पुढची कित्येक वर्षं ती बाटलीतच पिकते. एकदा उघडली की दोनेक दिवसांत उतरायला लागते. त्यामुळे तुमच्या एका ग्लाससाठी चाळीस वर्षांची बाटली कोणी सहजी उघडत नाही. टॉनी लाकडात पिकलेली असते, पण तीही बाटलीत भरून विमानतळावर मिळते तीच. पोर्टसाठी जायचंच तर गाया अर्धा दिवस करा आणि रेल्वेने दोरूच्या खोऱ्यातलं पिन्यांव गाठा. रूळ नदीच्या काठाकाठानं जातात आणि समोरच्या डोंगरावर पाटीच्या दगडासारख्या काळ्या खडकात कोरलेल्या पायऱ्यांवर वेली दिसतात. तो खडक बघितला की त्या वाइनचा कडकपणा कळतो.

शेरीचं मात्र अगदी वेगळं. फिनो ज्या पिंपात असते ते सहापैकी पाच भागच भरतात. वर मोकळी हवा ठेवली की वाइनवर यीस्टची पांढरट साय धरते, तिला ‘फ्लोर’ म्हणतात. ती साय वाइनला हवेपासून राखते आणि स्वतःची चवही देते, ओल्या कणकेची, कच्च्या बदामाची. बाटलीत भरताना सहसा गाळणी होते आणि त्या ताजेपणातलं थोडं जातंच. पुढे जहाज, गोदाम, दुकान, ऊन. इथे मिळालेली फिनो आणि स्पेनमधल्या हेरेस या शेरीच्या गावात लांब दांडीच्या चिमुकल्या पेल्यानं पिंपातून सरळ ग्लासात सोडलेली फिनो, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. झाडावरून तोडून खाल्लेला घड आणि पंधरा दिवस कोल्ड स्टोरेजमध्ये राहिलेला घड, तसं. शेरीसाठी जायचं तर फिनोसाठी जा. सानलुकार तिथून जवळ आहे, समुद्राला लागून. तिथली मांझानिया नावाची शेरी पण अशीच, पिंपाजवळ उभं राहून प्यायची.

आता मदेरा. माझं मन तिथे आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

मदेरा हे अटलांटिकमधलं पोर्तुगालचं बेट. लिस्बनहून तिथल्या फुंशाल शहराला विमानानं पावणेदोन तास. जुन्या काळी अमेरिकेकडे आणि हिंदुस्थानाकडे निघालेली गलबतं तिथे पाणी, अन्न आणि वाइनची पिंपं चढवायची. न विकलेलं एखादं पिंप उष्ण कटिबंध दोनदा ओलांडून परत यायचं, आणि उघडून बघितलं तर वाइन बिघडण्याऐवजी सुधारलेली असायची. त्या जाऊन आलेल्या वाइनला ‘विन्यो दा रोदा’ म्हणत, फेरी मारून आलेली वाइन. मग लोक मुद्दाम पिंपं गलबतावर चढवून फिरवून आणू लागले. पुढे हेच काम जमिनीवर सुरू झालं. साध्या वाइनला टाकीत ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने तापवतात. चांगल्या वाइनची पिंपं वरच्या मजल्यावर, छताखालच्या उकाड्यात वर्षानुवर्षं ठेवतात. त्या पद्धतीला ‘कांतेइरू’ म्हणतात.

म्हणजे वाइन ज्या गोष्टींनी नासते, ऊन, हवा, हेलकावे, त्या सगळ्या हिनं आधीच सोसलेल्या असतात. उघडलेली मदेरा महिनोन्‌महिने तशीच राहते. आणि यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. बाटली बिघडत नाही म्हणून फुंशालमधल्या जुन्या वाइन घरांमध्ये पन्नास-पन्नास वर्षांच्या बाटल्या उघड्या ठेवता येतात आणि ग्लासाच्या मापानं विकता येतात. जी बाटली तुम्ही-मी आयुष्यात विकत घेणार नाही, तिच्यातला एक घोट तिथे परवडतो. अशी सोय दुसऱ्या कुठल्या वाइनच्या गावात मी पाहिलेली नाही.

मी निफाड तालुक्यातल्या द्राक्ष बागायतदाराची मुलगी. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी बघत वाढले. त्यामुळे फुंशालला जाताना मी मुद्दाम सप्टेंबरचा पहिला आठवडा धरला होता, काढणी बघायला मिळावी म्हणून. कामारा द लोबुशच्या वरच्या चढावर गेले तर समोर मांडव! आपल्यासारखाच, पण कमरेइतक्या उंचीचा. बाया-माणसं त्याच्याखाली वाकून, काही जण बसून सरकत सरकत घड तोडत होती. शेतं एवढी लहान की आमच्या खळ्याएवढं एकेक. अख्ख्या बेटावर वाइनच्या द्राक्षाचं क्षेत्र पाचशे हेक्टरांहून कमी आहे. रात्री अण्णांना, म्हणजे वडिलांना, फोनवर सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, ‘ब्रिक्स किती घेतात गं?’ ब्रिक्स म्हणजे रसातली साखर. मी सांगितलं की आपल्या खायच्या द्राक्षाइतकाच, कधी त्याहून कमी. आंबटपणा राहावा म्हणून ते लवकर तोडतात. अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘मांडव खाली घेतला, म्हणजे तिथे वारा असणार.’ वारा होताच. मला पोचायला एक दिवस उशीर त्याच वाऱ्यानं केला होता.

ते आधी सांगायला हवं होतं. फुंशालच्या धावपट्टीचा मोठा भाग समुद्राच्या कडेला खांबांवर उभा आहे. आडवा वारा सुटला की विमानं उतरू शकत नाहीत. आमचं विमान बराच वेळ घिरट्या घालून लिस्बनला परत गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले तोवर मी ज्या टेस्टिंगचे पैसे आगाऊ भरले होते ते होऊन गेलं होतं. पैसे परत मिळाले नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण त्या एका दुपारसाठी मी वर्षभर पैसे बाजूला ठेवले होते. तुम्ही गेलात तर पोचण्याच्या दिवशी काहीही ठरवू नका, दुसऱ्या दिवशीही नको. आणि एका ठरलेल्या कार्यक्रमासाठी तर कधीच जाऊ नका. गावात चार दिवस राहता येईल तरच जा.

माझं ते टेस्टिंग हुकलं म्हणून मी शहरातल्या एका जुन्या वाइन घरात नुसतीच शिरले. आत अंधार, गार फरशी, आणि लाकडाचा, काकवीचा, बंद कपाटाचा असा मिळून एक वास. काउंटरमागे साठीच्या एक बाई होत्या. त्यांनी आधी सगळ्यात ड्राय सर्सियल दिली, मग व्हर्देल्यू, मग बोआल, मग सगळ्यात गोड माल्व्हाझिया. ही चारही द्राक्षांच्या जातींची नावं. हाच क्रम ठेवा, उलटा केला तर पहिल्या दोन आंबट लागतात. मग मी फळीवरच्या वर्षांकडे बघत उभी राहिले आणि १९७३ ची व्हर्देल्यू मागितली.

ते वर्ष मी उगाच मागितलं नव्हतं. ७२ चा दुष्काळ आमच्या घरात अजून बोलण्यात येतो. ७३ च्या उन्हाळ्यात माझी आजी सिन्नरच्या बाजूला दुष्काळी कामावर खडी फोडत होती, आणि वडील सुकडीच्या आशेनं तिच्यामागे जायचे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात या बेटावर कोणीतरी मांडवाखाली वाकून हे घड तोडले होते. वर्ष लिहिलेल्या या ‘फ्राश्केइरा’ वाइनला किमान वीस वर्षं लाकडात राहावंच लागतं, असा नियमच आहे.

बाईंनी ग्लासात अडीच-तीन बोटं ओतली. रंग तांबूस, जुन्या तुपासारखा, पण कडेला हिरवट झाक. ग्लास तिरका करून पांढऱ्या कागदावर धरला की ती झाक नीट दिसते. वास आधी संत्र्याच्या सालीचा, मग भाजलेल्या अक्रोडाचा. जिभेवर गोडी आली न आली तोच आंबटपणा धावून आला, पिकत आलेल्या कैरीसारखा, आणि तो गेल्यावर कितीतरी वेळ तोंडात काकवी राहिली. मी ती थुंकली नाही. एका ग्लासाला दोन माणसांच्या चांगल्या जेवणाइतके पैसे पडले, आणि मला आजही त्यातला एक युरो जास्त वाटत नाही.

खर्चाचं गणित तुमचं तुम्ही करा, पण टेस्टिंगला लागणारा पैसा विमानाच्या तिकिटापुढे थोडा असतो. म्हणून तिकीट काढून गेल्यावर ग्लासात काटकसर करू नका. दहा स्वस्त ग्लासांऐवजी एक जुना घ्या. शेन्गेन व्हिसा एकच असल्यामुळे लिस्बनहून फुंशाल आणि परतताना हेरेस असं दहा-बारा दिवसांत जमतं. दोन्हीतलं एकच निवडायचं झालं तर मी फुंशाल म्हणेन. टेस्टिंगच्या आधी ‘बोलू दू काकू’ खाऊन घ्या, रताळं घातलेला चपटा पाव असतो, लसणीचं लोणी लावून गरम देतात. शाकाहारी माणसाचं त्यावर छान भागतं.

येताना मद्याची कस्टम्सची सूट माणशी दोन लिटरची आहे, म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या बिनघोर. मी दहा वर्षांची व्हर्देल्यू आणली. मदेरा सामानात आपटली-तापली तरी तिला काही होत नाही, बाटली फुटली नाही म्हणजे झालं.

अण्णा माळकरी आहेत, घेत नाहीत. पण मी ग्लास पुढे केला तेव्हा त्यांनी हातात घेऊन वास घेतला. बऱ्याच वेळानं म्हणाले, ‘बेदाण्याच्या शेडचा वास आहे हा. दुपारचा.’ नंतर आईनं ती बाटली तेलाच्या डब्यामागे, ओट्याखालच्या कपाटात ठेवली. मी घरी गेले की थोडी थोडी घेते. उघडून सात महिने झाले, मधे सगळा उन्हाळा गेला. गेल्या रविवारी ओतली तर वास तोच होता, आणि खाली अजून चार बोटं शिल्लक आहे.