मावशीसाठी पळताय, तर आधी मावशीशी बोला

मावशीची केमो सुरू झाल्यावर तुम्ही तिच्यासाठी मॅरेथॉन पळायचं ठरवलंत, पण २५ किलोमीटरच्या पुढे तिचा विचार करूनही पाय उचलत नाहीत आणि मग अपराधी वाटतं, असं तुम्ही लिहिलंय.

आधी तो अपराधीपणा बाजूला ठेवा. त्या टप्प्यावर गळून जाणं बहुतेक वेळा शरीरातली साठवलेली साखर संपत आल्यामुळे असतं. मावशीवरची माया कमी पडली म्हणून नव्हे. लाँग रनमध्ये सुरुवातीपासूनच तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या, मग बोलू.

आता मनाचं. ‘ती एवढं सोसतेय, मग मला हे का जमू नये?’ हा विचार थोडं अंतर रेटतो आणि नंतर टोचायला लागतो. तुम्हाला वाटेल तेव्हा थांबता येतं, तिला येत नाही. ही बरोबरी होऊच शकत नाही, आणि थकलेल्या मनाला ते बरोबर कळतं.

टेरी फॉक्स या कॅनेडियन तरुणाचं बघा. हाडाच्या कॅन्सरमुळे १९७७ साली त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. उपचारांदरम्यान वॉर्डात पाहिलेले इतर रुग्ण त्याच्या मनातून गेले नाहीत. पण त्यांच्याबद्दल हळहळत न बसता त्याने त्यातून काम उभं केलं: संशोधनासाठी प्रत्येक कॅनेडियन माणसामागे एक डॉलर. १९८० मध्ये कृत्रिम पायावर तो अख्खा कॅनडा पार करायला निघाला आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर पळाला. कॅन्सर फुप्फुसांत पसरल्यामुळे त्याला थांबावं लागलं. एवढा मोठा देश डोळ्यांसमोर ठेवून तो पळत नव्हता. पुढची पाटी, पुढचं वळण, एवढंच.

असंच तुकडे पाडणं मी केमो चालू असलेल्या एका मैत्रिणीकडे अगदी जवळून पाहिलंय. तो थकवा झोप काढून जात नाही. सकाळी उठून ती आजचं ठरवायची: दारापर्यंत. बरं वाटलं तर जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत. कालचं आज जमलं नाही तर ती त्याचा हिशोब ठेवत नसे. माझ्या पळण्याबद्दल तिने वेळ कधीच विचारली नाही. ‘कुठे चालावं लागलं?’ हे मात्र दर वेळी विचारायची, आणि मी गोलमाल उत्तर दिलं की पकडायची. मग पळतानाच मी नीट लक्ष ठेवायला लागलो, तिला खरं सांगता यावं म्हणून. शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये मला ह्याने जेवढं पुढे नेलं तेवढं दुसऱ्या कशाने नाही. कोणीतरी ऐकायला बसलंय, ही जाणीव दयेपेक्षा फार टिकते.

म्हणून मावशीला विचारा, ‘तुझ्यासाठी पळू का? आणि तुला त्यातलं काय ऐकायला आवडेल?’ टी-शर्टवर तिचं नाव किंवा फोटो हवा की नको, हेही तिलाच ठरवू द्या. काहींना आपला आजार चारचौघांत नको असतो, आणि तो त्यांचा हक्क आहे. ती नको म्हणाली तर निधी गोळा करा, किंवा नुसते जाऊन गप्पा मारा.

एक गोष्ट मात्र पाळाच. केमोच्या प्रत्येक डोसनंतर साधारण एक-दोन आठवड्यांच्या आसपास संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. तेव्हा जराशी सर्दी किंवा घसादुखी असेल तरी भेटायला जाऊ नका, पळण्याची हकिकत फोनवर सांगा.