बायकांसमोर साडीत निवांत वाटतं, पुरुषांसमोर का नाही?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू २६ चा, ठाण्यात रूममेटसोबत राहतोस, तो नसताना कुर्ती, साडी घालतोस, ऑफिसातल्या दोन मैत्रिणींना माहीत आहे आणि त्यांच्यासमोर तसाच बसून चहा पितोस, पण एखाद्या पुरुषाने बघितलं तर या नुसत्या विचाराने पोटात गोळा येतो. हे असं का, आणि रूममेटला सांगू का. वर दुसऱ्या उत्तरात एकाने लिहिलंय समाज बदलतोय, स्वतःवर प्रेम कर. बरं. करू.

माझं सरळ मत सांगतो, बायका निऱ्या बघतात आणि पुरुष कारण विचारतात. तुला पुरुषांच्या नजरेची भीती नाहीये, त्या "कशासाठी?" ची आहे, कारण त्याचं उत्तर तुझ्याकडे नाही. माझ्याकडेपण नाही, आणि मी आता ४१ चा आहे.

हे कुठून आलं ते सांगतो. २००३ चा मे महिना, लालबागची चाळ, दुसरा मजला. आई आणि ताई गावाला कुडाळला गेलेल्या, दादा कामावर, मी एकोणीस वर्षांचा आणि घर रिकामं. चाळीत ज्यांनी दिवस काढलेत त्यांना माहीत असेल की दुपारी दाराला आतून कडी लावणं म्हणजे गॅलरीभर दवंडी पिटण्यासारखं आहे, कोण आजारी, कोण भांडलं, कोणाकडे कोण आलंय अशी चौकशी सुरू होते, म्हणून मी दार नुसतं लोटून ठेवलं होतं. आईची मोरपंखी नारायणपेठ काढली, परकर, आईचाच ब्लाऊज, ज्याचे वरचे दोन हूक माझ्या पाठीवर लागेचनात म्हणून तिथे सेफ्टी पिन. आणि नेसलो. छान नेसलो असं मला वाटत होतं.

शेजारच्या काकू फणसाचे गरे घेऊन आत आल्या. टकटक वगैरे प्रकार आमच्याकडे नव्हता. ताट हातात, मी आरशासमोर. मला आठवतंय माझे कान इतके तापले की दुखायला लागले. काकूंनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "अरे मेल्या, पदर उजव्या खांद्यावर? गुजरातीण झालास काय? निऱ्यापण उलट्या."

झालं असं होतं की जन्मभर मी आईला समोरून साडी नेसताना बघत आलो होतो, आणि जसं दिसलं तसंच अंगावर केलं. म्हणजे सगळं उलटं. काकूंनी ताट फळीवर ठेवलं, दोन पिना तोंडात धरल्या, फर्रकन साडी सोडली आणि पुन्हा नेसवली, निऱ्यांची तोंडं डावीकडे, पदर डाव्या खांद्यावर, "नाडीची गाठ पुढे नको, बाजूला घे, पुढे आली की पोट दिसतं", असं पिना तोंडात असतानाच सांगत होत्या. पाच मिनिटं लागली असतील. मग एकदा मागे सरून बघितलं, "आता बरी दिसतेय", म्हणजे साडी हां, मी नाही, आणि "ताट धुऊन आणून दे" म्हणून गेल्या. का नेसलास हे विचारलंच नाही. त्या दिवशी नाही आणि नंतर कधीही नाही. मी तसाच बसून गरे खाल्ले. आजही सांगतो, तेवढा निवांत मी त्याआधी कधी बसलो नव्हतो.

वीसेक मिनिटांनी दादा आला, हाफ डे टाकून. त्याने पहिलं काय केलं असेल तर दार लावलं. मग गॅलरीकडची खिडकी. मग माझ्याकडे वळला. मारेल असं वाटलं होतं पण हात उचलला नाही, फक्त विचारलं, "कशासाठी?"

आणि मी थाप मारली. म्हणलं गणपतीत मंडळाचं नाटक आहे, स्त्रीपार्ट मिळालाय, प्रॅक्टिस करतोय. दादाचा चेहरा असा सुटला, जसा गॅस लावताना लायटर तिसऱ्यांदा पेटल्यावर आईचा सुटायचा. "मग सांगायचं ना लेका!" दार उघडलं, खिडकी उघडली आणि गॅलरीच्या टोकाला कॅरम खेळत बसलेल्या दोघा मित्रांना हाक मारली, "या रे, बघा कोण आलंय आमच्याकडे." ते आले. एक म्हणाला कडक. एकाने गालगुच्चा घेतला, मांडीवर बसतेस का विचारलं, दादा खो खो हसतोय. साडी तीच, निऱ्या काकूंनी घातलेल्याच, मी तोच, वीस मिनिटांपूर्वी निवांत गरे खात होतो आणि आता पाठीला घाम येऊन ती सेफ्टी पिन टोचायला लागली होती.

थाप निभवावी लागली. मंडळाच्या त्या वर्षीच्या नाटकात बाईचं पात्रच नव्हतं, दादाने सेक्रेटरीला सांगून माझ्यासाठी एक घुसवलं, चार मिनिटांची मोलकरीण. शिट्ट्या पडल्या, दहा-दहाच्या नोटा आल्या, शेजारच्या दोन मंडळांची पोरं बघायला आली. तुला वाटेल एवढ्या पुरुषांसमोर उभा राहिलो म्हणजे भीती मोडली असेल. उलट झालं. माझं काम संपल्यावर विंगेत मी साडी सोडायला जरा वेळ लावला, मिनिटभर जास्त, तर पडदा ओढणारा पोरगा म्हणाला, "झालं ना तुझं? मग काढ की आता." कारण संपलं होतं ना.

आता खरी गंमत. आमचे मामा दशावतारात स्त्रीपार्ट करायचे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, सिंधुदुर्गात जत्रेत रात्रभर चालतो तो खेळ, बायकांची कामं पुरुषच करतात, संवाद लिहिलेले नसतात, आणि रंगवणं, नेसणं ज्याचं तो करतो. मामांचा लुगडं आणि नथ घातलेला फोटो आमच्या दादाच्या हॉलमध्ये आजही आहे, फ्रेम करून, हार घालून. पाहुणे आले की दादा अभिमानाने दाखवतो. परळला दामोदर हॉलला प्रयोग होता तेव्हा लहानपणी आम्हाला आत रंगपटात नेलं होतं, मामा आरशासमोर बसून कुंकू रेखत होते आणि मला म्हणाले होते, "साडी नेसल्यार चलाक येवक व्हया रे झिला, नायतर गोणी गुंडाळल्यासारी दिसता." बाहेर दोन बायका थांबल्या होत्या, लुगडं कुठून घेतलं विचारायला. बायका निऱ्याच बघतात म्हणलं ना.

२०१६ ला आई गेल्यानंतर तेराव्याच्या रात्री दादाला मी खरं सांगितलं की त्या दुपारी साडी मी नाटकासाठी नेसलीच नव्हती. वेळ चुकली असेल, मान्य. पण आईच्या साड्या वाटायला काढल्या होत्या, ती मोरपंखी नारायणपेठ समोर होती आणि ती वहिनीकडे जाताना मला गप्प बसवेना. मग जे भांडण सुरू झालं ते अजून चालू आहे. तो म्हणतो मामांचं वेगळं, ते पोटासाठी. मी म्हणलं शिमग्याला गावचे बाप्ये साड्या नेसून नाचतात तेव्हा ढोलकी तूच बडवतोस. तो म्हणतो तो देवाचा मान. मी म्हणलं बालगंधर्व? घरंदाज बायका त्यांचं बघून साडी नेसायला, गजरा माळायला शिकल्या, १९६४ ला पद्मभूषण मिळालं. तो म्हणतो, "तुला कोण देतंय पद्मभूषण?" याच्यावर मला उत्तर सुचलं नाही हे कबूल करतो.

पण मला आता जाऊन कळलंय की दादाला माझ्या साडीची लाज वाटत नाहीये. त्याने स्वतः हौसेने मित्रांना हाका मारून बोलावलं होतं ना, त्याची वाटतेय. त्यातला गालगुच्चावाला आता त्याचा व्याही आहे.

तुझ्या प्रश्नाकडे येतो. सगळ्या पुरुषांना एका मापात मोजतोयस तर तेही बरोबर नाही. परळला एक टेलरचाचा होते, त्यांच्याकडे पहिल्यांदा स्वतःचा ब्लाऊज शिवायला टाकला तेव्हा आठवडाभर दुकानावरून नुसत्या फेऱ्या मारल्या. शेवटी आत गेलो, त्यांनी विचारलं माप किसका, म्हणलं मेरा. त्यांनी टेप गळ्यातून काढली, छाती ४०, खांदा घेतला, वहीत लिहिलं आणि म्हणाले कॉटनचं अस्तर घालतो, तुम्हाला घाम जास्त येत असेल, आणि हूक पुढे देतो, मागचे तुमच्याने लागणार नाहीत. बस्स. पन्नास वर्षं बायकांचे ब्लाऊज शिवलेला माणूस, त्याला कारणाशी काय करायचंय. मी बाहेर आलो आणि पलीकडच्या टपरीवर दोन कटिंग मारले.

रस्त्यावरचे अनोळखी पुरुष हा मात्र वेगळा विषय आहे, तिथे सायकॉलॉजी घालू नकोस, तिथे साधी सेफ्टी आहे. २०१९ ला एका मैत्रिणीच्या घरून पहिल्यांदा सलवार-कुर्त्यात बाहेर पडलो, दादरहून घरी यायचं होतं. ब्रिजवर आलो आणि प्रश्न पडला, डबा कुठला? लेडीजमध्ये चढलो तर पुरुष म्हणून रेल्वे कायद्याचं कलम १६२, आणि जेंट्समध्ये चढलो तर संध्याकाळी सातची गर्दी, तीपण त्या कपड्यात. तीन गाड्या सोडल्या. मग लक्षात आलं की मी पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून भिंतीला पाठ लावून उभा आहे, आमची ताई गर्दीत उभी राहते अगदी तशीच, आणि हे मला कोणी शिकवलं नव्हतं. टॅक्सी केली, सव्वाचारशे रुपये गेले.

आता बायकांबद्दल. वर मी लय गोडवे गायले, पण तुझ्या दोन मैत्रिणी समजून घेतात म्हणून सगळ्या बायका घेतील असं धरून चालू नकोस. काकूंना माझ्याशी संसार करायचा नव्हता. माझं लग्न २०१२ ला झालं, बायकोला सांगितलं २०१५ ला, आणि तिने जवळजवळ दोन वर्षं रोज तोच दादाचा प्रश्न विचारला, वर "लग्नाआधी का नाही सांगितलंस?" हा एक जास्तीचा. त्यात ती बरोबरच आहे. तू लग्नाचं बघत असशील तर आधी सांग, ही माझी चूक करू नकोस. आता तिचं म्हणणं असं की माझ्यासमोर नको आणि माझ्या पैठणीला हात लावायचा नाही, बाकी तू जाण. ६ सप्टेंबर २०१८ ला तो कलम ३७७ चा निकाल आला, समलैंगिक संबंध गुन्हा नाही म्हणणारा, तेव्हा तिने ऑफिसातून फोन करून हळूच विचारलं होतं, "तुझं सुटलं का रे यात?" मी म्हणलं माझं त्यात कधी नव्हतंच, साडी नेसायला कुठलं कलम नाही. साडी आवडणं म्हणजे गे असणं नाही आणि ट्रान्स असणंही नाही, कोणी असेल तर असेल, ते त्याचं तो बघेल. हे खरं म्हणजे उत्तराच्या सुरुवातीला लिहायला हवं होतं. असो. पण फोन केला तिने. काकूंनी केला नसता.

रूममेटचं. सांगायच्या आधी भाड्याचं ॲग्रीमेंट कोणाच्या नावावर आहे ते बघ. त्याच्या नावावर असेल तर दुसरी खोली बघून ठेवल्याशिवाय तोंड उघडू नकोस. तुझ्या नावावर असेल तर सांग, पण अंगावर साडी-कुर्ती असताना नको, साध्या टीशर्टमध्ये बसून, जेवता जेवता सांग. तो विचारेल कशासाठी. तेव्हा नाटक आहे, फॅन्सी ड्रेस आहे, पैज हरलो, असलं काहीही सांगू नकोस, नाहीतर चार मिनिटांची मोलकरीण तुलाही करावी लागेल. आवडतं म्हण. तो हसला तर हसू दे.

आणि दादा, तू इथे वेगळ्या नावाने येऊन मालवणी जेवणाच्या प्रश्नांची उत्तरं देतोस हे मला माहीत आहे, सोलकढीत कोणी आलं घालतं का? हे वाचलंस तर मला फोन करू नकोस, वहिनीला विचार ती नारायणपेठ ती कधी नेसते का. नेसत नसेल तर मला हवी आहे.