बेटं किती यापेक्षा बंदरात तास किती ते बघा

या वेळी ग्रीसच्या बेटांच्या क्रूझवर बरेच प्रश्न आलेत आणि बहुतेकांचा रोख एकच आहे, की घाई न करता नीट बघता येईल का. म्हणून सगळी उत्तरं एकत्रच देतेय.

प्रश्न : आम्ही दोघं रिटायर्ड, ठाण्यात राहतो. एजंटने ४ रात्रींची क्रूझ सुचवलीय, मिकोनोस, पॅटमॉस, ऱ्होड्स, क्रीट, सँटोरिनी, शिवाय टर्कीतलं कुशादासी. ७ रात्रींची महाग पडते. आम्हाला धावपळ नकोय, इतिहासाची आवड आहे. काय करावं?

काका, एजंटकडून आधी एक कागद मागा, प्रत्येक बंदरात जहाज किती वाजता लागतं आणि किती वाजता सुटतं त्याचा. ब्रोशरमधले फोटो बाजूला ठेवा, खरी ट्रिप त्या कागदावर असते. ४ रात्रींत ६ ठिकाणं बसवायची तर एका दिवसात दोन बंदरं येतातच. बऱ्याच आखण्यांत सकाळी क्रीटचं हेराक्लिओन आणि त्याच दुपारी सँटोरिनी असतं, कुशादासी आणि पॅटमॉस पण असेच एका दिवसात कोंबलेले. त्यात उतरायची रांग, सुटण्याआधी अर्धा-पाऊण तास परत जहाजावर यायचा नियम, हे सगळं वजा केलं की हातात काय उरतं ते तुम्हीच बघा.

आता हेराक्लिओनचंच घ्या. बंदरापासून साधारण ५ किलोमीटरवर क्नॉसॉस आहे, क्रीटच्या प्राचीन मिनोअन लोकांचा राजवाडा, ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्सने १९०० सालापासून खणून काढलेला. तिथे लाल खांब आणि रंगवलेल्या भिंती दिसतात त्यातलं बरंचसं इव्हान्सने काँक्रीट वापरून पुन्हा उभं केलंय, त्यावर अजून वाद चालतात. खऱ्या वस्तू, मूळ भित्तिचित्रांचे तुकडे, ती फायस्टोसची मातीची तबकडी जिची लिपी अजून कोणाला वाचता आलेली नाही, हे सगळं गावातल्या म्युझियममध्ये आहे. दोन्ही बघितलं तरच चित्र पूर्ण होतं, आणि अर्ध्या दिवसात दोन्ही म्हणजे नुसती पळापळ.

माझं स्पष्ट मत, ज्यात ऱ्होड्सला पूर्ण दिवस मिळतो तीच क्रूझ घ्या. जहाज जुन्या गावाच्या तटबंदीजवळच लागतं, टॅक्सी नको बस नको, चालत वेशीतून आत. १३०९ ते १५२२ हे बेट सेंट जॉनच्या नाइट लोकांच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या, ताब्यात होतं. ते युरोपातल्या वेगवेगळ्या भाषांचे, म्हणून त्यांच्या भाषेप्रमाणे गट होते आणि प्रत्येक गटाचं वेगळं निवासस्थान, ती दगडी घरं एका सरळ चढत्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अजून उभी आहेत. १५२२ मध्ये तुर्की सुलतान सुलेमानने मोठा वेढा घालून बेट घेतलं आणि मग मशिदी आल्या. त्याच गल्ल्यांत खाली १५७७ सालचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आहे, तिथल्या ज्यूंना १९४४ च्या जुलैमध्ये नाझींनी छळछावणीत नेलं. तिथे जवळच त्यांच्या स्मरणासाठी एक चौक आहे, कृपा करून तिथे थोडं थांबा, बहुतेक टूर तिथून सरळ पुढे निघून जातात.

७ रात्रींचं बजेट नसेल तर दुसरा मार्ग पण आहे. अथेन्सला दोन रात्री, मग तिथल्या पिरेयस बंदरातून साधी मोठी फेरी घेऊन नॅक्सोस बेट (साधारण ५ तास), तिथे तीन-चार रात्री, मग तशाच फेरीने सँटोरिनी. उघड्या डेकवर बसायला मिळतं, बेटं हळूहळू जवळ येताना दिसतात. फक्त बॅगा स्वतः उचलाव्या लागतील, ते तुमच्या तब्येतीला झेपतं का बघून ठरवा.

प्रश्न : आमच्या क्रूझमध्ये मिकोनोसला पूर्ण दिवस आहे. मुलं बीचवर जातील, पण आम्हाला पार्टी वगैरे नकोय. मग काय करायचं? (पुणे)

ताई, तुम्ही शेजारच्या डेलॉस बेटावर जा! मिकोनोसच्या जुन्या धक्क्यावरून लहान बोटीने साधारण अर्धा तास. अख्ख्या एजियन समुद्रातली एकच जागा निवडायची तर मी हीच निवडेन.

छोटंसं, उघडंबोडकं बेट आहे, आज तिथे वस्ती नाही आणि पाहुण्यांना रात्री राहता येत नाही. अपोलो देव आणि आर्टेमिस देवी इथे जन्मले अशी ग्रीकांची श्रद्धा, म्हणून बेट पवित्र, इतकं की इ.स.पू. ४२६ मध्ये अथेन्सवाल्यांनी इथली सगळी थडगी उकरून शेजारच्या रेनेया बेटावर हलवली आणि यापुढे इथे कोणी जन्मायचं नाही आणि मरायचं नाही असा कायदाच केला. गरोदर बायका आणि आजारी माणसं, सगळ्यांना पलीकडे नेऊन ठेवायचे. त्या थडग्यांत सापडलेली भांडी मिकोनोसच्या म्युझियममध्ये आहेत, वेळ असेल तर तेही बघा.

पुढे इ.स.पू. १६७ च्या सुमाराला रोमन लोकांनी डेलॉस करमुक्त बंदर केलं, त्यात ऱ्होड्सच्या व्यापाराला धक्का द्यायचा हेतू होता आणि ऱ्होड्सचं जकातीचं उत्पन्न खरंच कोसळलं. म्हणून म्हणते ही बेटं सुटी सुटी बघू नका, एकाची भरभराट दुसऱ्याच्या नुकसानीतून आलेली असते. डेलॉसवर सिरिया, इजिप्त, इटलीहून व्यापारी आले, त्यांच्या घरांतली मोझेकची जमीन अजून जागेवर आहे, वाघावर (काहीजण चित्ता म्हणतात) बसलेला मद्याचा देव डायोनायसस तर अप्रतिम. पण त्याच बंदरात गुलामांचा प्रचंड बाजार भरायचा, एका दिवसात दहा हजार गुलाम आणून विकता येत असं प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने लिहून ठेवलंय. त्या सुंदर घरांत फिरताना तो पैसा कुठून आला हे मनात राहू द्या. इ.स.पू. ८८ मध्ये रोमचा शत्रू राजा मिथ्रिडेटीसच्या सैन्याने बेट लुटलं, नंतर चाच्यांनी, आणि मग ते पुन्हा सावरलंच नाही.

संगमरवरी सिंहांची रांग बाहेर दिसते त्या प्रतिकृती आहेत, मूळ सिंह डेलॉसच्याच म्युझियममध्ये आत ठेवलेत. सावली जवळजवळ शून्य, त्यामुळे टोपी आणि पाणी न्याच, सकाळची पहिली बोट पकडा. वारा जोरात असला तर बोटी रद्द होतात.

आणि एक जाता जाता, कार्ल्याची लेणी बघितली असतील तर चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी दान दिल्याचे लेख आहेत, यवन म्हणजे मुळात आयोनियन ग्रीक लोकांवरूनच आलेलं नाव. जायच्या आधी एक रविवार लोणावळ्याकडे चक्कर मारा, मजा येईल.

प्रश्न : आईचे गुडघे दुखतात. सँटोरिनी जमेल का? (नाशिक)

जमेल, पण आखून. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, लहान बोटीत उतरावं लागतं, आणि गाव दोनशे मीटरच्या वर कड्यावर. चढायला केबल कार, नाहीतर पावणेसहाशेच्या वर पायऱ्या, नाहीतर गाढवं. गाढवावर बसवू नका, आईसाठी धोक्याचं आहे आणि त्या जनावरांचे उन्हात हाल होतात. केबल कारला चार जहाजं एकदम आली की रांग तासाच्या वर जाते. जहाजाचीच बस टूर घेतली तर बऱ्याचदा दुसऱ्या धक्क्यावर उतरवून बसने वर नेतात, आईसाठी ते पैसे मोजा.

वर गेल्यावर सगळे ओया गावाला फोटो काढायला धावतात, तुम्ही आईला अक्रोटिरीला न्या. इ.स.पू. १६०० च्या आसपास ज्वालामुखी फुटला तेव्हा राखेत गाडलं गेलेलं गाव, १९६७ पासून मारिनाटोस यांनी खणायला घेतलं. दोन-तीन मजली घरं, रांजण, सांडपाण्याची गटारं पण आहेत, आणि माणसाचा एकही सांगाडा सापडला नाही, म्हणजे आधी धक्के बसल्यावर लोक निघून गेले असावेत. सगळं छपराखाली, रॅम्प आहेत, सावली आहे. भित्तिचित्रं मात्र तिथे नाहीत, काही फिरा या सँटोरिनीच्या मुख्य गावातल्या म्युझियममध्ये आणि काही अथेन्सला.

प्रश्न : व्हिसा कुठला? अजून काही खर्च?

ग्रीससाठी शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा. क्रूझ मध्येच टर्कीला जात असेल तर तुम्ही शेंगेनच्या बाहेर जाऊन परत आत येता, त्यामुळे मल्टिपल एन्ट्रीच मागा, यावर लोक ऐनवेळी अडकतात. टर्कीचं काय लागेल ते क्रूझ कंपनीकडून लेखी घ्या. ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स सक्तीचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. आणि जुलै २०२५ पासून ग्रीसने क्रूझ प्रवाशांवर कर लावलाय, जून ते सप्टेंबर मिकोनोस आणि सँटोरिनीला माणशी २० युरो, बाकी बंदरांना ५. पॅकेजमध्ये धरलाय का विचारा.

प्रश्न : मला बस पण लागते, बोट लागेल का? कुठला महिना बरा?

जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा सुटतो, आकाश एकदम निळं पण समुद्र खवळलेला. मे, जूनची सुरुवात, किंवा सप्टेंबरचा शेवट घ्या. केबिन खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मधोमध मागा, तिथे हलणं कमी. गोळी तुमच्या डॉक्टरांना विचारून, आणि त्रास सुरू व्हायच्या आधी.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, अंडं पण नाही. उपाशी राहू का?

अजिबात नाही. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपास वर्षात खूप असतात, त्यामुळे मांस, अंडी, दूध नसलेलं जेवण तिथल्या घरोघरी मुरलेलं आहे. हॉटेलात 'निस्तिसिमो' आहे का विचारा, लगेच कळतं त्यांना. फक्त त्या उपासाला कोलंबी, कालवं चालतात, म्हणून ती नकोत हे वेगळं सांगा. सँटोरिनीची फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वाटण, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल, तिथलीच टोमॅटोची भजी, भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची, मोठ्या पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांची भाजी. भजीत कधी अंडं किंवा चीज असतं, ते विचारून घ्या. जहाजावर मात्र बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा आणि पहिल्या दिवशी डायनिंग हॉलच्या मॅनेजरला जाऊन भेटा.