ग्वाटेमालातल्या माया लोकांमध्ये मिशनरी दवाखाने चालवतात, ती सेवा की धर्मांतराचं आमिष?

तुम्ही विचारलंय की माया लोकांच्या गावात चर्चवाले दवाखाने काढतात ती खरी सेवा असते की गोळ्या वाटून माणूस आपल्यात ओढायची युक्ती. मी २०१६ ला पाच महिने चिमालतेनांगो भागात बाळंतिणींच्या आहाराच्या एका कामावर होते. आमची संस्था धार्मिक नव्हती, मी ख्रिश्चन नाही, घर कर्जत तालुक्यातलं वारकरी. त्यामुळे कुणाची बाजू घ्यायची गरज नाही मला, थोडं पाहिलेलं आणि बरंचसं तिथल्या बायकांकडून ऐकलेलं सांगते.

आमिष झालंच नाही असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे, आधी ते सांगून टाकते. ४ फेब्रुवारी १९७६ ला पहाटे तीनला तिथे ७.५ तीव्रतेचा भूकंप झाला, साधारण २३ हजार माणसं गेली. चिमालतेनांगो जिल्ह्याची तर वाताहत झाली कारण घरं मातीच्या कच्च्या विटांची, वर जड कौलं आणि सगळे झोपेत. मग अमेरिकेतून मदत यायला लागली, त्यात इव्हँजेलिकल, म्हणजे धर्मप्रसारावर भर देणारी प्रोटेस्टंट चर्चेस खूप, छपराचे पत्रे घेऊन. तेव्हापासून तिकडे स्पॅनिशमध्ये एक टोमणा रूढ आहे, 'लामिना पोर आनिमा', म्हणजे पत्र्याच्या बदल्यात आत्मा. आमच्या नगर जिल्ह्यात १८७६-७८ च्या दुष्काळानंतर मिशनच्या मंडळ्या भराभर वाढल्या होत्या, तोच प्रकार, त्यामुळे मला तो टोमणा लगेच कळला.

पण माणसं तेवढ्यानेच धर्म बदलतात असं समजू नका. एका काक्चिकेल (त्या भागातला माया समाज, भाषेचं नावही तेच) बाईंना मी विचारलं की कॅथलिक सोडून तुम्ही इव्हँजेलिकल का झालात, तर म्हणाल्या नवऱ्याची दारू सुटते म्हणून. देवाचं त्यांनी नंतर सांगितलं, चहा झाल्यावर. आपल्याकडे माळ घातली की दारू-मटण बंद होतं ना, अगदी तसं, त्या चर्चमध्ये गेलं की दारू बंद. आणि दारू म्हणजे तिथे नुसतं व्यसन नव्हतं, कॉफीच्या मळ्यांवर मजूर न्यायला येणारे दलाल सणाच्या दिवशी दारू पाजून उचल द्यायचे आणि मग तो माणूस ती फेडत बसायचा. ऊसतोडीची उचल ज्यांनी पाहिलीये त्यांना वेगळं समजावून सांगायला नको.

त्या कॉफीचंही एक आहेच. १८७० नंतर हुस्तो रुफिनो बारिओस नावाच्या राष्ट्राध्यक्षाच्या काळात माया गावांच्या सामाईक जमिनी कॉफीखाली गेल्या, आणि याच बारिओसने १८८२ मध्ये पहिल्या प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) मिशनऱ्यांना देशात बोलावलं, का तर कॅथलिक चर्चची ताकद कमी करायची होती. म्हणजे जमीन घेणारा आणि मिशनऱ्याला आमंत्रण देणारा एकच. आज त्या देशात पाच वर्षांखालची जवळपास निम्मी मुलं खुजी आहेत, माया मुलांमध्ये तर निम्म्याहून जास्त. ते फक्त जंतामुळे नाही झालेलं.

आता ज्याच्यामुळे मी हे उत्तर लिहायला बसले तो माणूस. कॅरल बेअरहॉर्स्ट, कॅन्ससमधला डॉक्टर, लुथरन या प्रोटेस्टंट चर्चतर्फे ग्वाटेमालात आला आणि १९६२ मध्ये चिमालतेनांगोत दवाखाना उघडला. सुरुवात कुठल्याही मिशनरी डॉक्टरसारखीच, सकाळपासून दारात रांग. पण त्याच्या लक्षात आलं की तेच मूल परत परत येतंय. दवाखान्यात ठेवलं की सुधारतं, घरी गेलं की महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा काड्यांसारखे हातपाय, कारण घरी मका पिकवायला जमीनच नाही. मग त्याने आपल्या कामांची एक यादी केली, महत्त्वाप्रमाणे. पहिलं, सामाजिक आणि आर्थिक अन्याय. दुसरं जमिनीची मालकी. मग शेतीचं उत्पादन आणि विक्री, मग लोकसंख्या, मग कुपोषण, मग आरोग्याचं शिक्षण आणि सगळ्यात शेवटी, सातव्या नंबरवर, औषधोपचार! डॉक्टर माणूस स्वतःच्या धंद्याला शेवटचा नंबर देतो हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं छपाईत चूक झालीये, यादी उलटी लागलीये.

आणि हे नुसतं कागदावर नव्हतं. जमीन घ्यायला कर्ज द्यायची व्यवस्था त्या कामातूनच उभी राहिली. हॉस्पिटलमध्ये पेशंटचे नातेवाईक राहायचे, तिथेच चूल मांडून त्याला त्याच्या चवीचं शिजवून घालायचे. आणि गावागावातून लोकांनीच निवडलेली काक्चिकेल माणसं, बहुतेक शेतकरी, आठवड्यातून एकदा यायची आणि शिकून परत जायची. त्यांना 'प्रोमोतोर' म्हणतात, आपल्या भाषेत आरोग्यदूत म्हणा. ते गावात उपचार करायचे, थोडी फी घ्यायचे, चुकलं तर पुढच्या आठवड्यात येऊन विचारायचे. कुणी कॅथलिक कुणी इव्हँजेलिकल, काहीजण जुन्या माया वळणाचे.

आता मराठी वाचकांसाठी एक गोष्ट, जी मला स्वतःला तिकडे जाऊन कळली, लाजच वाटली. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या अशा नऊ-दहा ठिकाणच्या कामांचं एक पुस्तक काढलं, त्यात चिमालतेनांगोवर एक प्रकरण आहे आणि जामखेडवर एक. हो, आपलंच जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० ला तिथे आले, दोघंही ख्रिस्ती, आणि त्यांनीही गावातल्या बायकांनाच शिकवलं, त्यात दलित बायका, कित्येक निरक्षर. दोन्ही कामांबद्दल जिनिव्हाच्या ख्रिश्चन मेडिकल कमिशनच्या मासिकात लिहून यायचं आणि १९७८ च्या आल्मा-आता परिषदेत प्राथमिक आरोग्याचा जो जाहीरनामा झाला त्याच्यामागे या कामांचा अनुभव होता. आमच्या शेजारच्या तालुक्यातली गोष्ट, आणि ती मला ग्वाटेमालातल्या एका रिटायर्ड प्रोमोतोरने सांगितली. त्याला खामखेद असा उच्चार करायची सवय, मला दोन मिनिटं कळेनाच कुठल्या गावाबद्दल बोलतोय.

हं तर मुद्दा. गोळी देणारा माणूस गोळीची माहितीही देऊन टाकतो का, माझ्या मते तिथे सगळं कळतं. आमिष दाखवणाऱ्याला ते परवडत नाही, माहिती दिली की उद्या तुमच्या दारात कोण येणार? बेअरहॉर्स्टने देऊन टाकली. आणि त्याची किंमत काय झाली ते पुढे.

१९६० ते १९९६ तिथे सरकार आणि डाव्या गनिमांमध्ये यादवी युद्ध चाललं. मेलेले आणि बेपत्ता मिळून दोन लाखांवर, सत्यशोधन आयोगाने ज्यांची ओळख पटवली त्यातले ८३ टक्के माया, आणि ९३ टक्के अत्याचार सरकारी बाजूचे. सगळ्यात वाईट काळ १९८१ ते ८३. त्यातले सतरा महिने सत्तेवर होता जनरल एफ्राइन रिओस मोंत, स्वतः इव्हँजेलिकल, रविवारी टीव्हीवर कुटुंब आणि नीतिमत्तेवर प्रवचन द्यायचा आणि तिकडे डोंगरात गावंच्या गावं जाळली जात होती. त्या काळात गावात मिटिंग घेणारा, सहकारी संस्था काढणारा, रजिस्टर लिहिणारा कुठलाही माया माणूस लष्कराला गनिमांचा वाटायचा. प्रोमोतोर हे सगळंच करायचे. कित्येक मारले गेले, काही रातोरात उचलून नेले ते परत दिसलेच नाहीत. कॅथलिक प्रार्थना घेणाऱ्या गावातल्या साध्या शिक्षकांचंही तेच झालं, म्हणून कितीतरी जणांनी जीव वाचवायला इव्हँजेलिकल चर्च गाठलं. त्याला आमिष म्हणायचं की अजून काय, तुम्हीच ठरवा.

परदेशी मिशनरीही मेले. आतित्लान सरोवराकाठच्या सान्तियागो गावात स्टॅन्ली रॉदर नावाचा ओक्लाहोमाचा शेतकऱ्याचा पोरगा फादर होता, १९६८ पासून. सेमिनरीत, म्हणजे फादर व्हायच्या शाळेत, लॅटिन जमेना म्हणून एकदा घरी पाठवलेला माणूस, पण इथे येऊन त्सुतुहिल ही तिथली माया भाषा शिकला, जी लॅटिनपेक्षा कितीतरी अवघड. मिशनचं छोटं हॉस्पिटल होतं, शेती होती, हा स्वतः ट्रॅक्टर चालवायचा. नाव मारायच्या यादीत आलं म्हणून जानेवारी ८१ मध्ये मायदेशी गेला आणि ईस्टरच्या आधी परत आला, राहवेना म्हणून. २८ जुलै १९८१ च्या रात्री त्याच्या खोलीतच गोळ्या घातल्या. शव ओक्लाहोमाला नेलं पण गाववाल्यांनी हट्ट करून त्याचं हृदय तिथेच चर्चमध्ये ठेवून घेतलं, अजून आहे. या माणसाबद्दल धर्मांतराचा प्रश्नच येत नाही, गाव साडेचारशे वर्षांपासून कॅथलिक.

आणि आता मला राग येतो ती गोष्ट. हल्ली आठवड्याभराच्या 'मेडिकल मिशन' ट्रिपा येतात. एका गावात चर्चच्या अंगणात मी अशी एक पाहिली. वीस-पंचवीस उत्साही मंडळी, एकसारखे टीशर्ट, दिवसाला दीड-दोनशे पेशंट. डॉक्टर इंग्रजी बोलणार, एकजण त्याचं स्पॅनिश करणार, दुसरी मुलगी स्पॅनिशचं काक्चिकेल. एक म्हातारी आली, म्हणाली माझं 'कुश' दुखतंय. कुश म्हणजे काक्चिकेलमध्ये हृदयही आणि जीवही, आपण जिवाला लागलंय म्हणतो ना, ते. तिचा मुलगा उत्तरेला गेलेला, अमेरिकेत, चार महिने फोन नाही. स्पॅनिशमध्ये ते 'हृदय दुखतंय' झालं, इंग्रजीत छातीत दुखतंय. डॉक्टर घाबरला, बीपी बघितलं, स्टेथो लावला, सगळं नीट. मग पिशवी भरून दिली आणि पुढचा पेशंट.

आता गंमत बघा. कॅमेरॉन टाउनसेंड नावाचा मिशनरी १९१७ मध्ये याच भागात स्पॅनिश बायबल विकत फिरायचा आणि असं सांगतात की एका काक्चिकेल माणसाने त्याला विचारलं, तुमचा देव एवढा हुशार तर त्याला आमची भाषा कशी येत नाही? ते त्याला इतकं लागलं की तो भाषा शिकत बसला आणि १९३१ मध्ये काक्चिकेलमध्ये नवा करार छापून झाला. म्हणजे देवाला काक्चिकेल येऊन पंच्याऐंशी वर्षं झाली होती, डॉक्टरला अजून येत नव्हतं.

त्याच अंगणात गावातली सुईण, 'कोमाद्रोना' म्हणतात, मागच्या बाकावर बसलेली. हजारभर बाळंतपणं केलेली बाई, बाळंतिणीला 'तुह' मध्ये म्हणजे वाफेच्या खोलीत शेक देणारी, आपल्या शेक-शेगडीसारखं. तिला कुणी काही विचारलं नाही, उलट तिचाच बीपी घेऊन तिला पण पिशवी दिली. म्हातारी बाहेर पडली तशी हिने तिला बाजूला नेलं, बराच वेळ दोघी भिंतीला टेकून बोलत बसल्या.

दोन दिवसांनी मी त्या म्हातारीच्या घरी गेले होते, सुनेचं वजन घ्यायला. तिने पिशवी दाखवली. व्हिटॅमिनच्या गोळ्या, जंताची गोळी, पॅरासिटामॉल आणि स्पॅनिशमधलं एक रंगीत पत्रक, येशूबद्दल. तिला स्पॅनिश वाचता येत नाही. व्हिटॅमिन नातवंडांना दिलं म्हणाली, पत्रकाने सकाळी चूल पेटवली.