सायकलवाल्यांचे प्रश्न : ड्रॉपर घालू की नको?

प्रश्न : दादा, मी खानापूरचा, वय 21. मागच्या दिवाळीला हार्डटेल सायकल घेतली, म्हणजे मागं सस्पेन्शन नाही, पुढं 100 एमएमचं, 38 हजाराला पडली. रविवारी आम्ही चौघं जांबोटी साइडला नाहीतर चंदगडकडं काजूच्या बागांतनं फिरतो. चढ आला की सीट वर पाहिजे आणि उतार आला की तीच सीट पोटात घुसते, मग मी थांबून ॲलन कीनं खाली करतो तोवर बाकीचे पुढं निघून जातात. बेळगावात एका दुकानात ड्रॉपर सीटपोस्टचे फिटिंगसकट नऊ हजार सांगितले. बाबा म्हणतात, सीट खालीवर करायला नऊ हजार? मला उत्तर देता येईना. खरंच उपयोग आहे का, का नुसतं शो? – एक वाचक, खानापूर

उत्तर : बाबांचा प्रश्न रास्त आहे, त्यांना नीट उत्तर दे, आणि उत्तर तुझ्याच पत्रात आहे की. तू थांबून सीट खाली करतोस म्हणजे गरज तुला आधीच कळलीय. ज्याला कधी थांबावंसंच वाटलं नाही त्यानं ड्रॉपरवर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत.

ड्रॉपर म्हणजे काय तर सीटपोस्टच, म्हणजे सीटखालची दांडी, पण एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांची, आत दाबलेला गॅस, आणि हँडलला एक लिव्हर. लिव्हर दाबून सीटवर बसलास की सीट खाली जाते, लिव्हर सोडलास की तिथंच लॉक, आणि पुन्हा उठून लिव्हर दाबलास की आपोआप वर येते. हात हँडलवरनं काढायचा नाही, थांबायचं नाही.

उतारावर सीट वर असली की काय होतं ते मी अंगावर काढलंय. जांबोटीच्या अलीकडं जांभ्याचा एक उतार आहे, वर बारीक लाल खडे, पाय ठेवला तरी गोट्यांसारखे घसरतात, आणि मधेच पावसानं कापलेली ओघळ. पुढचं चाक त्या ओघळीत बसलं, मी मागं सरकायला गेलो तर सीट मांड्यांना आडवी आली, मागं जाताच येईना, आणि सरळ हँडलवरनं पुढं गेलो. सहा आठवडे हात गळ्यात. सीट खाली असती तर कंबर मागं आणि खाली नेता आली असती, वजन चाकांच्या मधोमध राहिलं असतं, आणि सायकल पायांमधे डावीउजवीकडं झुकवायला जागा मिळाली असती. वळणावर हा झुकवायचा फायदा लोकांना लवकर लक्षात येत नाही पण मला तर तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

त्यानंतर भीतीनं मी दोन महिने सीट कायम खालीच ठेवली. उतार सोपे झाले पण चढाला गुडघे पुढच्या बाजूनं दुखायला लागले, कारण पाय पूर्ण सरळ होत नाही आणि सगळा जोर गुडघ्यावर येतो. तेव्हा कळलं की ड्रॉपरचं खरं काम सीट खाली नेणं एवढंच नाही, ती चढाच्या आधी परत जागेवर आणणं हे पण तेवढंच मोठं काम आहे.

आता आपला भाग बघ. एखाद्या मोठ्या डोंगरावर तासभर चढ आणि मग सलग तासभर उतार असेल तर माथ्यावर एकदा थांबून सीट खाली केली की झालं, ड्रॉपर नसला तरी चालतं. आपल्याकडं तसं नाही. भाताचा बांध, ओढा, परत चढ, परत काजूची बाग, परत उतार, दर पाच मिनिटाला जमीन बदलते. अशा खालीवर जमिनीलाच ड्रॉपरचा सगळ्यात जास्त उपयोग होतो असं माझं अनुभवानं मत झालंय.

बाबांना हे पण सांग की हे काही नवीन फॅड नाही. 1980च्या दशकात कॅलिफोर्नियात जो ब्रीझ आणि जोश अँजेल यांनी ‘हाइट राइट’ नावाची स्प्रिंग काढली होती, क्लॅम्प, म्हणजे पोस्ट आवळणारी कडी, सैल केला की सीट वर यायची. आणि 2022च्या इटलीतल्या मिलान-सान रेमो शर्यतीत मातेय मोहोरिच या सायकलपटूनं रोड बाइकला ड्रॉपर लावून पोज्जो टेकडीच्या उतारावर सगळ्यांना मागं टाकलं आणि शर्यत जिंकली. डांबरी रस्त्यावर ज्याचा फायदा झाला त्याचा मातीत होणारच.

पण लगेच नऊ हजार काढू नकोस. आधी सीटपोस्टच्या क्लॅम्पच्या जागी क्विक रिलीज क्लॅम्प लाव, जो ॲलन कीशिवाय हातानंच उघडतो, काहीशे रुपयांत येतो, आणि चार रविवार मोज किती वेळा थांबलास ते. एका फेरीत दोन-तीनदाच थांबत असशील तर क्विक रिलीज पुरे. दहाबारा वेळा होत असेल, किंवा थांबायचा कंटाळा येऊन तू वर सीट ठेवूनच उतरत असशील, तर ड्रॉपर घे. आणि टायरचे दाते गेले असतील नाहीतर ब्रेक ओढून पण सायकल थांबत नसेल तर पैसे आधी तिकडं, त्यात मी अजिबात ऐकणार नाही.

घेताना माप बघ. जुन्या पोस्टवर बारीक अक्षरात त्याच्या जाडीचा मिलिमीटरमधला आकडा असतो, 27.2, 30.9 नाहीतर 31.6. तुझ्या किमतीच्या सायकलला बऱ्याचदा 27.2 असतो आणि त्या मापात ड्रॉपर कमी मिळतात, खालीवर पण कमी होतात. पातळ पोस्ट जाड नळीत शिम, म्हणजे मधे बसणारी पातळ नळी, घालून बसतो, उलटं होत नाही. केबल आतनं न्यायला फ्रेमला भोक लागतं, नसेल तर बाहेरनं केबल जाणारा घे, कुणी ड्रिल मारून देतो म्हणाला तरी फ्रेमला हात लावू देऊ नकोस. जुना पोस्ट आत किती खोल जातो तेही मोजून ने, बाटलीच्या स्क्रूला अडला तर मोठा ड्रॉपर पूर्ण बसणारच नाही. वजन तीनचारशे ग्रॅम वाढेल, ते सहन कर.

प्रश्न : ड्रॉपर आहे, पण पावसाळा झाल्यापासनं सीट वर यायला वेळ लागतो, कधी अर्ध्यातच थांबते. पोस्ट खराब झाला का? – एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : ताई, लगेच नवीन घेऊ नका. आधी फ्रेमचा क्लॅम्प जरा सैल करून बघा, जास्त आवळला की बाहेरची नळी दाबली जाते आणि आतली अडकते, निम्म्या वेळा कारण तेच निघतं. मग केबल, लिव्हर पूर्ण दाबूनसुद्धा ताण येत नसेल तर बॅरल ॲडजस्टरनं, म्हणजे केबलच्या टोकाला फिरवायचा जो छोटा स्क्रू असतो त्यानं, थोडी ओढून घ्या, आत चिखल गेला असेल तर केबल आणि तिच्यावरचं आवरण (आउटर) दोन्ही बदला. आपली लाल माती फार बारीक, ती वरच्या सीलपाशी बसते, म्हणून प्रत्येक फेरीनंतर ओल्या फडक्यानं नळी पुसा, प्रेशर वॉशरचा फवारा तिथं नको. सीट खाली असताना सायकल सीटला धरून उचलू नका, काही पोस्टमधे त्यानं आत हवा शिरते आणि मग सीट स्प्रिंगसारखी हलायला लागते. एवढं करून पण तसंच राहिलं तर आतली कार्ट्रिज, म्हणजे गॅस भरलेली नळी, गेलीय, बऱ्याच पोस्टची ती वेगळी मिळते, दुकानात पोस्टचं मॉडेल सांगून विचारा.